मल्लेशम जॉबर आणि न खपलेल्या रेकॉर्डी

संपादकांचं पत्र आलं. सोलापुरात इतकी वर्षं रेकॉर्डी विकल्यात, तर कोणत्या गाण्यांवर लोकांच्या उड्या पडायच्या त्याच्या आठवणी लिहा, असं त्यांचं म्हणणं. उड्या पडायच्या हे खरं आहे. एका सिनेमाच्या रेकॉर्डीपायी आमच्या काउंटरची काच दोनदा फुटली. पण खपणारी रेकॉर्ड विकायला अक्कल लागत नाही. काउंटरमागे मी, रशीद, असलो काय आणि दगड असला काय, गिऱ्हाईक ती घेऊन जातंच. म्हणून मी लिहिणार आहे ते न खपलेल्या रेकॉर्डींबद्दल आणि त्या ऐकायला येणाऱ्या एकुलत्या एका माणसाबद्दल. संपादकांना चालणार नसेल तर त्यांनी खुशाल परत पाठवावं. परत आलेल्या मालाची मला सवय आहे.

दुकान नवी पेठेत होतं. मालकांना सगळे अप्पा म्हणत. सत्तरीच्या दशकात मी तिथं काउंटर सांभाळायचो. अप्पांचा एक कायदा होता. गिऱ्हाइकाला मुखडा ऐकवायचा आणि पिन उचलायची. अख्खं गाणं ऐकवलं की रेकॉर्ड झिजते, आणि गिऱ्हाइकाची हौस तिथंच भागते, मग ते 'उद्या येतो' म्हणून जातं ते जातंच. एलपीवर दहा गाणी असली तर दहा मुखडे. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीची काळी रेघ बघून पिन अशी ठेवायची की खर्र आवाज येता कामा नये. या कामात मी तयार होतो. वळसंगचे एक पाटील एकदा एसटीनं आले आणि म्हणाले, "गाण्याचं नाव म्हाईत न्हाय, पर त्यात बाई मधीच दम घेती बघा, ती रेकॉर्ड द्या." मी नऊ मुखडे ऐकवून ती रेकॉर्ड त्यांच्या हातात ठेवली. मधला दम ऐकवा म्हणून ते अडून बसले होते, पण मी ऐकवला नाही. कायदा म्हणजे कायदा.

तर आम्हाला रेकॉर्डी पुरवणाऱ्या पुण्याच्या एजंटाची एक खोड होती. सिनेमाच्या रेकॉर्डी हव्या असतील तर तो त्यांच्या बरोबर न चालणाराही माल घ्यायला लावायचा. त्यात जॅझच्या आठ एलपी आल्या. अप्पा त्याला जाज म्हणत. मी मुखडे ऐकून बघितले. चारपाच वादक मिळून एखादी चाल वाजवतात, बरं वाटतं. गाणारं कुणी नाही, पण वाद्यांच्या रेकॉर्डी आमच्याकडे खपत होत्याच. मी मांडून ठेवल्या. मग एक दिवस पिन ठेवली आणि तेवढ्यात चहावाला आला. दोन मिनिटांनी बघतो तर वादकांनी चाल सोडून दिली होती आणि एकेक जण मनाला येईल तिकडे निघाला होता. दुसरी लावली, तिचीही तीच गत. मी एजंटाला पत्र लिहिलं: 'सुरुवात ठीक आहे, पुढे वादकांची फाटाफूट होते. रेकॉर्डी सदोष आहेत. बदलून द्याव्यात.' त्याचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: 'माल असाच असतो.'

आज मला त्या पत्राचं हसू येतं. त्या वेळी मात्र आपण पुण्याच्या माणसाची लबाडी पकडली असं वाटून मी आठवडाभर छाती काढून फिरत होतो.

त्याच सुमारास एक टूम निघाली होती. निकामी रेकॉर्ड उकळत्या पाण्यात धरून मऊ करायची, वाडग्यावर दाबायची, की कडेला झालर असलेलं काळं भांडं तयार होतं. अप्पांनी फर्मान काढलं की दिवाळीला चांगल्या गिऱ्हाइकांना अशी भांडी द्यायची. मागच्या खोलीत स्टोव्ह पेटवून ते काम मीच केलं. जॅझच्या सहा एलपी मी स्वतःच्या हातानं वाकवल्या. एक भांडं अप्पांनी काउंटरवर सुपारीसाठी ठेवलं. दोन एलपी नव्या पिना तपासायला म्हणून तशाच राखल्या, कारण पिन तपासायला चांगली रेकॉर्ड कोण खराब करतो?

मल्लेशम पहिल्यांदा दुकानात आले ते बायकोबरोबर, तेलुगू भजनांची रेकॉर्ड घ्यायला. पन्नाशीचा माणूस, धोतर, पांढरा शर्ट, भुवयांत अडकलेला कापूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांवर ते जॉबर होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, कारखान्यातला सगळ्यात मानाचा कामगार. माग बंद पडला की मालकाआधी त्याला हाक जाते.

मी मुखडा लावला. मल्लेशम म्हणाले, "शब्द कळंना झालेत. रेकॉर्ड खराब हाय." मी दुसरी काढली. तीही खराब. तिसरी लावली तेव्हा त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावून मला हळूच सांगितलं, "रेकॉर्ड बरी हाय भाऊ. कान गेलाय ह्यांचा."

हळू बोललेलं त्यांना ऐकू गेलं नाही, पण बायको काय म्हणाली असेल ते नवऱ्याला कळतंच. मल्लेशम तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. मी भजनांची रेकॉर्ड बांधून दिली. ते पायरी उतरत होते आणि मी तेवढ्यात नवी पिन बसवून राखलेल्या एलपीवर तपासायला ठेवली. तपासायलाच ठेवायची, त्यामुळे कुठंतरी मधोमध टेकवली.

मल्लेशम पायरीवरून परत फिरले. "ओ भाई, ह्ये काय लावलासा?"

"काही नाही अण्णा, पिन बघतोय."

"थांबवू नका. ह्ये ऐकू येतंय की मला!"

बायको थांबली, मी थांबलो. मल्लेशमनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि मान खाली घालून ऐकत राहिले. मीही ऐकायचा प्रयत्न केला. मला तीच फाटाफूट ऐकू आली. ते म्हणाले, "तो खालचा माणूस बघा. धुम धुम करत चालला हाय. वरच्यांना काय करायचं ते करू दे, त्यो आपलं काम सोडत न्हाय." मी रेकॉर्डीचं पाकीट उलटून फोटो बघितला. एक गृहस्थ माणसाएवढं उंच उभं व्हायोलिन कवेत घेऊन बोटांनी छेडत होते. मल्लेशमनी त्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्योच."

दुपारी एक ते चार दुकान बंद असे. सोलापूरच्या उन्हात तेव्हा कुत्रं फिरत नाही, गिऱ्हाईक कुठलं? अप्पा घरी झोपायला जात आणि मी अर्धं शटर ओढून डबा खाई. मल्लेशम सुट्टीच्या दिवशी त्या वेळेला येऊ लागले. घरी ऐकायची सोय नव्हती, कारण शेजारी दोन्ही बाजूंना माग. अप्पांचा कायदा मी मोडला. अख्खी बाजू लावायची, मग उलटून दुसरी.

त्या दुपारींतच त्यांनी मला सगळं सांगितलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की वरचे बारीक आवाज गेलेत, खालचे जाड अजून शिल्लक आहेत. गाण्यातले शब्द ओळखू येतात ते बारीक आवाजांवरच, त्यामुळे शब्दांचा नुसता काला ऐकू येई. बासरी अर्धीमुर्धी. पण ते उभं व्हायोलिन स्वच्छ. माग सोडले नाहीत तर तेही जाईल, असं डॉक्टरांचं म्हणणं. नाहीतर कानात कापूस घाला.

"मग घाला की कापूस," मी म्हणालो.

ते हसले. "कापूस घालून जॉबरकी कशी करायची? चाळीस माग एकदम चालू असत्यात. त्यातल्या कंच्या मागाचा धोटा उशिरा मारतोय ते मला दारातून कळतं. डोळ्यानं न्हाय, कानानं. पोरं म्हणत्यात, अण्णा नुसतं उभं राहिलं तरी माग सुधारतो."

चाळिसातला एक आवाज वेगळा काढायचा, ही त्यांची विद्या. आणि या रेकॉर्डींना नेमकी तीच लागते, हे मला त्यांनी शिकवलं. मी सगळे वादक एकदम ऐकायला जायचो म्हणून मला गोंधळ वाटे. ते म्हणाले, "सगळ्यांकडं बघू नका. एकच माणूस धरा आणि त्याच्या मागं मागं चला. बाकीचे आपोआप लागतात." मी पहिल्यांदा खालच्या माणसाला धरलं. एका दुपारी, कधी कसं कोण जाणे, फाटाफूट नाहीशी झाली. चाल कुणी सोडलेलीच नव्हती. ती सगळ्यांच्या मनात चालू होती आणि ज्याची पाळी येई तो तिच्यावर आपलं बोलून घेई. मी पुण्याला पाठवलेलं पत्र मला आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

त्यांना न ऐकू येणारं ते मला विचारत. फोटोत ढोलवाल्यापुढं झांजा दिसत होत्या. "त्यो झांज वाजवतोय का हो?"

"वाजवतोय अण्णा. सारखी, बारीक."

"वाजू द्या," ते म्हणाले. ऐकू येत नसलेली ती झांज आहे याचंच त्यांना समाधान वाटलं. मी उगाच रेकॉर्ड पुसत बसलो.

एक दिवस सुपारी घ्यायला त्यांनी काउंटरवरच्या भांड्यात हात घातला आणि तो तसाच राहिला. भांड्याच्या बुडाला रेकॉर्डीचा गोल कागद तसाच होता. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण त्या कागदाचा रंग आणि चिन्ह ओळखीचं झालं होतं. "ह्येच्यावर काय लिवलंय?"

मी वाचलं. त्यातल्या एका ओळीत खालच्या माणसाचं नाव होतं. तोच माणूस.

"वाकवलासा व्हय?"

"सहा," मी म्हणालो. खोटं बोलता आलं असतं, पण त्या माणसापुढं जमलं नाही. त्यांनी सुपारी काउंटरवर ओतली, भांडं उचललं, झालरीवरून अंगठा फिरवला, जसा मागाच्या मोडक्या भागावरून फिरवत असतील. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मी शोधायला लागलो. जॅझ नव्यानं ऐकणाऱ्यानं रेकॉर्डी कशा शोधाव्यात याचं शिक्षण मला मल्लेशमच्या कानामुळे मिळालं, आणि आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगतो. पाकिटावरच्या बाईकडे बघू नका. पुढच्या मोठ्या अक्षरांकडेही नको. पाकीट उलटा आणि मागच्या मुंग्यांएवढ्या अक्षरांत कुणी काय वाजवलंय ते वाचा. ज्याचं वाजवणं आवडलं त्याचं नाव दुसऱ्या पाकिटावर शोधा, तिथं त्याच्या बरोबर कोण आहे ते बघा, मग तिसऱ्या पाकिटावर जा. एका नावावरून दहा रेकॉर्डींपर्यंत माणूस पोचतो, आणि तीन वादकांच्या रेकॉर्डीपासून सुरुवात केली तर वाट चुकत नाही.

पण रेकॉर्डी होत्या कुठं? मी एजंटाला कार्ड टाकलं: 'तसलाच माल पाठवावा.' त्याला वाटलं मी टोमणा मारतोय, त्यानं उत्तरच दिलं नाही. मग जुना बाजार धुंडाळला. रेल्वे कॉलनीतल्या गोऱ्या-सावळ्या अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी कुणी बदलून जातंय, कुणी परदेशी निघालंय असं कळलं की मी सायकल काढायचो. एका निवृत्त गार्डच्या बायकोकडे लाकडी पेटीत चार एलपी निघाल्या. त्यातल्या एका निळ्या पाकिटावर खालच्या माणसाचं नाव होतं. बाई म्हणाल्या, "मेरे हज्बंड का जान था इसमें. किसके लिए ले जाता तुम?" मी सांगितलं की टॉवेलच्या कारखान्यातल्या एका जॉबरसाठी. त्यांनी पेटी बंद केली आणि पेटीसकट दिली.

त्या पेटीत एका इंग्रजी गाणाऱ्या बाईंचीही रेकॉर्ड होती. जाड, खालच्या आवाजाच्या बाई. मी ती बाजूला ठेवत होतो, तर मल्लेशम म्हणाले, "लावा की. हिचे शब्द मला पयलंही कळले नसते. त्यामुळं माझं काय गेलं न्हाय." आम्ही दोघंही पोट धरून हसलो. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

अशाच एका दुपारी अप्पा लवकर आले. शटरखालून वाकून आत शिरले आणि तिथंच उभे राहिले. एलपी पूर्ण फिरतेय, मी भिंतीला टेकलेला, मल्लेशम डोळे मिटून बसलेले. आता नोकरी जाते, असं मी धरून चाललो. अप्पा बाजू संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "ह्या लोकांना घाई न्हाय बघ अजिबात," आणि पंखा लावून गादीवर बसले. कायदा त्या दिवशी संपला, निदान दुपारपुरता.

पुढच्याच महिन्यात मल्लेशमनी जॉबरकी सोडली. कारखान्यातच घडी घालायच्या खात्यात गेले, मागांपासून लांब, बायका टॉवेलच्या घड्या घालतात तिथं. एवढा मानाचा माणूस! मी म्हणालो, "अण्णा, लोक काय म्हणत असतील?"

"म्हणत्यात की. म्हातारा बायकांत जाऊन बसला म्हणत्यात." मग म्हणाले, "तीस वर्सं माझा कान मालकाच्या मागांना दिला. उरलाय तेवढा मला पायजे."

सोलापुरात मी मोठे गवई बघितले, मैफलींना दाद देणारे रसिक बघितले, घरात हजार रेकॉर्डी असलेले श्रीमंत बघितले. ऐकण्यासाठी आपला मान खाली ठेवून आलेला माणूस मी एकच बघितला.

तीन वर्षं आम्ही ऐकलं. मग त्यांना खोकला लागला. तीस वर्षांचा कापूस छातीत होता, तो खोकला क्षयाचा निघाला. रोज सुई टोचून घ्यावी लागे. त्या औषधानं जीव वाचला आणि उरलेला कान गेला. असं कुणाकुणाचं होतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, असं त्यांची बायको म्हणाली. "त्यांनीच व्हय म्हणून सांगितलं. नातवंडं बघायची हायत म्हणाले." मी भेटायला गेलो तर ते झोपलेले होते. खरं सांगायचं तर ते जागे झाले नाहीत याचं मला बरं वाटलं. काय बोलणार होतो मी? निळ्या पाकिटाची रेकॉर्ड मी कपाटात अगदी मागं सरकवली आणि दुपारी झोपायला लागलो.

सहा महिन्यांनी एका दुपारी शटर वाजलं. मल्लेशम वाकून आत आले. अंग निम्मं झालं होतं, शर्ट तोच. नेहमीच्या जागी बसले आणि मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं म्हणाले, "निळी लावा."

मी हातानं खूण केली, कशाला?

"लावा हो."

मी लावली. ते पूर्वीसारखे डोळे मिटून बसले नाहीत. पुढं सरकून एकटक पिनेकडे बघत राहिले. पिन कडेकडून आत आत जात होती आणि त्यांचा तळवा मांडीवर हलत होता. मला वाटलं, नुसतंच हलतोय. मग लक्ष दिलं तर तळवा बरोबर चालला होता. पिन कुठं पोचली यावरून काय वाजत असेल ते त्यांना दिसत होतं. पिन निम्म्याच्या जरा पुढं गेली तसं त्यांनी बोट वर केलं. "आता बघा. खालचा माणूस थांबतो. वरचे तसेच जातात." बोट तसंच हवेत. "हां. आला."

ती रेकॉर्ड मी त्यांच्याबरोबर पन्नास वेळा तरी ऐकली असेल. खालचा माणूस तिथं थांबतो हे मला कधी जाणवलं नव्हतं. मी मान हलवून 'नाही' म्हटलं. त्यांनी माझ्याकडे, कारखान्यातल्या नव्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

"परत लावा. नीट ऐका."

मी पिन मागं नेली आणि डोळे मिटले. खालच्या माणसाला धरलं आणि त्याच्या मागोमाग चालत राहिलो. चालता चालता तो एकाएकी नाहीसा झाला. चार ठोके काहीच नाही, वरचे सगळे अधांतरी, आणि मग तो खालून पुन्हा आला तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. डोळे उघडले तर मल्लेशमचं बोट खाली येत होतं.

"थांबला का?"

"थांबला," मी म्हणालो. ऐकू आलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

"सांगितलं व्हतं की," ते म्हणाले. "लावा आता दुसरी बाजू."